मराठी वाचनासाठी पडदा निवडताना: रिझोल्युशन, पिक्सेल घनता आणि डोळ्यापासूनचे अंतर

बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणी-खानापूरच्या बाजारपेठेत टॅबलेट घ्यायला गेले, की दुकानदार आधी पडदा किती इंची आहे ते सांगतो, मग रॅम, स्टोअरेज आणि बॅटरी सांगतो, आणि रिझोल्युशनचा विषय बहुधा 'एचडी आहे' एवढ्यावर संपतो. ज्याला पडद्यावर मुख्यतः मजकूर वाचायचा आहे, त्याने मात्र चौकशीची सुरुवातच तिथून करायला हवी. सीमाभागातल्या मराठी घरात एकाच पडद्यावर सकाळी मराठी दैनिकाचा ई-पेपर, संध्याकाळी मुलांच्या मराठी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ आणि गरज पडेल तेव्हा जमिनीचा कन्नडमधला पहाणी उतारा उघडला जातो. तिन्हींत अक्षर बारीक असते आणि तिन्हींत एखादी मात्रा किंवा आकडा चुकीचा वाचला गेला तर अर्थ बदलतो.

रिझोल्युशन म्हणजे पडद्यावर आडवे आणि उभे मिळून किती पिक्सेल, म्हणजे प्रकाशाचे ठिपके, आहेत याचा हिशेब, उदाहरणार्थ १०८० × २४००. केवळ या आकड्यावरून अक्षर किती रेखीव दिसेल हे ठरत नाही, कारण तेवढेच पिक्सेल लहान पडद्यावर दाटीने बसतात आणि मोठ्या पडद्यावर विरळ होतात. म्हणून पाहायची ती पिक्सेल घनता, म्हणजे एका इंचाच्या लांबीत किती पिक्सेल बसले आहेत ती संख्या, जिला सर्वत्र पीपीआय म्हणतात. साडेसहा इंची फोनवर ७२० × १६०० पिक्सेल असतील तर घनता सुमारे २७० येते. १० इंची टॅबलेटवर ८०० × १२८० पिक्सेल असतील तर ती जेमतेम १५० भरते. दोन्ही खोक्यांवर 'एचडी' असेच छापलेले असते.

ही घनता दुकानातच, उभ्या उभ्या मोजता येते आणि त्यासाठी कोणाच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. हातात घेतलेल्या फोनचा किंवा टॅबलेटचा एक स्क्रीनशॉट काढावा, तो गॅलरीत उघडून त्याचा तपशील पाहावा. तिथे चित्राची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये लिहिलेली असते आणि तोच त्या क्षणी वापरात असलेला खरा आकडा होय. 'फुल एचडी व्हिडिओ चालतो' या वाक्याचा अर्थ पडदा फुल एचडी आहे असा होत नाही, कारण मोठा व्हिडिओ लहान करून दाखवणे कोणत्याही साध्या पडद्याला जमते. हा गोंधळ स्क्रीनशॉटने तत्काळ मिटतो. त्यानंतर पट्टीने पडद्याच्या उजेड येणाऱ्या भागाची आडवी रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजावी, भोवतालची काळी चौकट त्यात धरू नये. आडव्या पिक्सेलांना २.५४ ने गुणून त्या रुंदीने भागले की पीपीआय मिळतो. ७२० पिक्सेल आणि ६.८ सेंटीमीटर असतील तर उत्तर २६९ येते. १०.१ इंची टॅबलेट उभा धरला तर त्याची रुंदी १३.६ सेंटीमीटर भरते. तिथे ८०० पिक्सेल असतील तर १४९ आणि १२०० असतील तर २२४. कर्णावरून वर्गमूळ काढण्याची रीत पुस्तकात दिलेली असते, पण बाजारात ही सोपी रीत पुरते.

आता किती घनता पुरेशी, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पडद्यात नसून डोळा आणि पडदा यांमधल्या अंतरात आहे. निरोगी, म्हणजे ६/६ दृष्टीच्या डोळ्याला दोन ठिपके वेगळे ओळखू यायला त्यांच्यामध्ये सुमारे एका कलेचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन लागतो. या मर्यादेवरून एक कामचलाऊ सूत्र निघते: ८७०० या संख्येला वाचनाच्या अंतराने, सेंटीमीटरमध्ये, भागावे. ३० सेंटीमीटरवर धरलेल्या फोनला २९० पीपीआय लागतो, ४० सेंटीमीटरवरच्या टॅबलेटला सुमारे २१८ पुरतो. ॲपलने २०१० मध्ये आयफोन ४ आणला तेव्हा त्याच्या पडद्याची घनता ३२६ होती, आणि २०१२ च्या आयपॅडची २६४; टॅबलेट थोडा लांब धरला जातो, हेच त्या फरकामागचे कारण. ही मर्यादा म्हणजे भिंत नव्हे. तिरप्या रेषेची दातेरी कड डोळ्याला यापेक्षा सूक्ष्म असली तरी जाणवते, म्हणून सूत्राने आलेल्या आकड्यापेक्षा थोडे अधिक मिळाले तर उत्तमच.

या हिशेबाने पाहिले तर बाजारातला खरा दोष फोनमध्ये नाही. एचडी प्लसचा, म्हणजे ७२० पिक्सेल रुंदीचा, साधा फोनही २६९ पीपीआय देतो आणि ३२ सेंटीमीटरवर तो डोळ्याच्या गरजेला पुरतो; माझ्या मते हात आखडता असेल तर केवळ वाचनासाठी १०८० पिक्सेल रुंदीच्या फुल एचडी प्लस फोनवर जादा पैसे घालण्याचे कारण नाही. अपवाद काही अमोलेड पडद्यांचा, म्हणजे ज्यांचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशांचा. त्यांतल्या प्रत्येक पिक्सेलात लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपबिंदू नसून दोनच असतात, हिरवे पूर्ण आणि लाल-निळे निम्मे, त्यामुळे रंगीत अक्षरांच्या कडा कागदावरच्या आकड्यापेक्षा भुरकट दिसतात. असा पडदा घ्यायचा तर फुल एचडी प्लसच घ्यावा, तिथे साडेसहा इंचांत ४०५ पीपीआय मिळतो आणि ही उणीव जाणवत नाही. फसगत होते ती स्वस्त टॅबलेटमध्ये. १४९ पीपीआयचा पडदा रेखीव दिसायचा तर तो ५८ सेंटीमीटर लांब ठेवावा लागेल, आणि इतक्या लांबून मांडीवरचे पुस्तक कोणी वाचत नाही. ८.७ इंचांचे ८०० × १३४० पिक्सेलचे टॅबलेट १७९ पर्यंत पोहोचतात. ते मधल्या पायरीवर आहेत. १० ते ११ इंची टॅबलेट घेताना, तो उभा धरल्यावर आडव्या (म्हणजे लहान) बाजूला १२०० पिक्सेल ही किमान अट धरावी. पाहुण्यांच्या मुलीला बारावीसाठी टॅबलेट घेऊन देणाऱ्यांना मी हेच सांगत असतो की रॅम थोडी कमी चालेल, पण १२०० चा आकडा सोडू नका. '२के' हा शब्द विक्रेते सैल वापरतात, २००० × १२०० लाही आणि त्याहून पुष्कळ मोठ्या पडद्यालाही, म्हणून शब्दापेक्षा आकडे विचारावेत.

देवनागरीला रोमन लिपीपेक्षा ही दाटी अधिक लागते, आणि इंग्रजीत लिहिलेल्या बहुतेक मार्गदर्शनांत या गोष्टीचा विचारच नसतो. १० पॉइंटचे अक्षर घ्या (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग). १४९ पीपीआयच्या पडद्यावर त्याच्या पूर्ण उंचीला सुमारे २१ पिक्सेल येतात, आणि त्यांतच शिरोरेषेवरची वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खालचा उकार सामावायचा असतो. अक्षराच्या मुख्य अंगासाठी उरतात जेमतेम बारा-तेरा. एवढ्या जागेत 'ष' च्या पोटातली तिरपी रेघ विरघळते आणि त्याचा 'प' होतो. 'घ' आणि 'ध' यांच्यातला डोक्यावरचा फरक नाहीसा होतो. 'उद्ध्वस्त' मधली 'द' खालची 'ध' सहा-सात पिक्सेलांत कोंबली जाऊन तिथे नुसता काळसर डाग उरतो. 'बॅट' आणि 'बेंट' अशा जोडीत अर्धचंद्र की मात्रा-अनुस्वार, हे संदर्भावरूनच ओळखावे लागते. तेच अक्षर २२४ पीपीआयवर ३१ पिक्सेल उंच होते आणि ३०० वर जवळजवळ ४२. मग जोडाक्षराचे दोन्ही भाग सुटे दिसतात. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, ओत्तक्षर, ओळीच्या खाली आणि मूळ अक्षराहून लहान लिहिला जातो, त्यामुळे पहाणीवरची नावे आणि शेरे वाचताना विरळ पडद्याची अडचण तिथे आणखी वाढते.

म्हणून दुकानात जाताना आपल्याच फोनमध्ये एक चाचणीचे पान तयार ठेवावे: १०, ८ आणि ७ पॉइंटमध्ये 'ष्ट, द्ध, क्ष, श्र, ङ्क, त्त्व, ड्य' ही जोडाक्षरे, मराठी आणि कन्नड अंक, आणि खाली एक-दोन ओळींचा सलग मजकूर, असे पीडीएफ करून ते नव्या पडद्यावर १०० टक्के आकारात, नेहमी वाचतो तितक्या अंतरावर धरून पाहावे. दुकानदाराने दाखवलेल्या निसर्गदृश्यांच्या चित्रफितीवरून काहीच ठरत नाही. झाडे आणि धबधबे विरळ पडद्यावरही छान दिसतात.

ई-रीडरचा, म्हणजे केवळ पुस्तके वाचण्यासाठी केलेल्या यंत्राचा, विचार थोडा वेगळा करावा लागतो. त्याची ई-इंक पाटी स्वतः प्रकाश फेकत नाही, कागदासारखी परावर्तित प्रकाशाने दिसते, आणि तिला करड्या रंगाच्या साधारण १६ छटाच दाखवता येतात, त्यामुळे अक्षराच्या कडा गुळगुळीत करण्याची तिची ताकद मर्यादित असते. ही उणीव घनतेनेच भरून काढावी लागते, म्हणून इथे ३०० पीपीआय हा योग्य पल्ला आहे. नवे यंत्र घेताना हा प्रश्न फारसा येत नाही. ओळखीतल्या कोणाकडून जुने घेताना मात्र विचारून घ्यावे. ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरच्या सर्वांत साध्या मॉडेलची घनता २०१९ च्या आवृत्तीतही १६७ होती आणि २०२२ च्या आवृत्तीत ती ३०० झाली. किंडलचेच पेपरव्हाइट हे मॉडेल २०१२ मध्ये २१२ वर होते आणि २०१५ पासून ३०० वर आहे. रंगीत ई-इंकच्या कॅलिडो ३ पाटीत काळा-पांढरा मजकूर ३०० वर दिसतो, पण रंगीत भाग १५० वरच येतो आणि रंगाच्या गाळणीमुळे पार्श्वभूमी किंचित काळवंडते. कादंबऱ्या आणि वैचारिक ग्रंथ वाचणाऱ्याने रंगाच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घनता कितीही असली तरी स्कॅन केलेले पान पडद्यावर लहान होते, ही गोष्ट वाचनालयातल्या जुन्या ग्रंथांच्या पीडीएफ गोळा करणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी. ई-पब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारातला मजकूर पडद्याच्या मापाने नव्याने ओळी पाडतो, पीडीएफचे पान जसे आहे तसेच आक्रसते. सहा इंची ई-रीडरची रुंदी सुमारे ९ सेंटीमीटर, ए-४ पानाची २१. म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटचे होणार, आणि ते ३०० पीपीआयवर रेखीव दिसले तरी डोळे शिणणारच. उपाय असा की वाचनाच्या ॲपमध्ये पानाच्या कोऱ्या कडा कापाव्यात आणि यंत्र आडवे धरावे. तसे केल्यावर मजकुराची ओळ सुमारे १२ सेंटीमीटर रुंदीवर पसरते, ए-४ मधले १२ पॉइंटचे अक्षर ९ पॉइंटच्या जवळ राहते, आणि डेमी, म्हणजे ए-४ हून बऱ्याच लहान, आकाराच्या मराठी पुस्तकातले अक्षर तर छापील प्रतीपेक्षा थोडे मोठेच दिसते. पान दोन-तीन तुकड्यांत वाचावे लागते, पण त्याची सवय होते. १०.१ इंची टॅबलेटवर कडा कापून उभे पान लावले तर ए-४ मधले तेच अक्षर १० पॉइंटचे उरते, म्हणून पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका यांसाठी टॅबलेटच सोयीचा.

चाळिशीचा चष्मा लागलेल्या वाचकांबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. त्यांना अक्षर 'दिसत नाही' असे म्हणण्याचा अर्थ बहुधा पिक्सेल कमी पडतात असा नसतो, तर अक्षर लहान पडते असा असतो, आणि अधिक घनतेचा महाग फोन घेऊन दिल्याने तो प्रश्न सुटत नाही. आजोबांसाठी मोठा पडदा आणि मोठा फॉन्ट ही खरी सोय आहे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'फॉन्ट साइझ' केवळ अक्षरे वाढवते आणि 'डिस्प्ले साइझ' बटणे व चिन्हांसह सगळेच वाढवते. दोन्हींमुळे पडद्याचे पिक्सेल बदलत नाहीत, त्यामुळे निर्धास्तपणे वाढवून पाहावे. काही महागड्या फोनमध्ये रिझोल्युशन १४४० वरून १०८० वर आणण्याची सोय असते. तिने प्रक्रियेचा भार थोडा हलका होतो आणि इतक्या दाट पडद्यावर वाचनात फरक जाणवत नाही. पडद्यावर मॅट गार्ड बसवून घेताना मात्र विचार करावा, कारण त्याचा खरखरीत पृष्ठभाग प्रकाश विखुरतो आणि पांढऱ्या पानावर बारीक रंगीत कणी दिसू लागते. पडदा जितका दाट, तितकी ती कणी अधिक खुपते.

शेवटी ई-पेपरविषयी. दैनिकाचे पूर्ण पान सुमारे १३ इंच रुंद असते. ते फोनच्या १०८० पिक्सेलांत बसवले तर मूळ पानाच्या एका इंचाला ८३ पिक्सेल मिळतात, आणि त्यावर मथळ्याखेरीज काही वाचता येणे शक्य नाही, फोन कितीही भारी असो. बोटांनी पान मोठे करावे लागतेच, पण मोठे करताना संकेतस्थळाने मूळ चित्र किती पिक्सेलांचे ठेवले आहे, ती मर्यादा आड येते. तिच्यापुढे अक्षर मोठे होते आणि धूसरही होत जाते. अशा वेळी सबंध पानाऐवजी बातमी सुटी उघडण्याची सोय असेल तर ती वापरावी. दोष पडद्याचा की फाइलचा, हे ठरवायचे असेल तर त्याच पडद्यावर साध्या मजकुराचे एखादे मराठी संकेतस्थळ उघडून अक्षर तेवढेच मोठे करावे. तिथे जोडाक्षरे स्वच्छ दिसत असतील तर नवा टॅबलेट घेऊन ई-पेपर अधिक स्पष्ट होणार नाही, आणि तिथेही 'ष' चा 'प' दिसत असेल तर पट्टी घेऊन रुंदी मोजायला बसावे.