चाकावरच्या गोल भांड्याला लंबगोल आकार कसा द्यावा

चाकावर भांडं गोलच होतं. लंबगोल हवं असेल तर नुसती भिंत चाकावर उचलायची, दाबून आकार बदलायचा आणि बूड मागाहून जोडायचं. बुडासकट घडवून दाबलं, तर भिंत वाकते, पण बूड गोलच राहू पाहतं आणि दोघांच्या ओढाताणीत चीर जाते.

साधारण 1 किलो माती हवा निघेपर्यंत मळा आणि चाकावरच्या फळीवर मध्यावर आणा. मधोमध बोटं खुपसून माती उघडताना ती थेट फळीला टेकू द्या, म्हणजे बूड उरणार नाही. मग सुमारे 20 सेंटिमीटर व्यासाचं, 8 सेंटिमीटर उंच कडं उचला. भिंत 7-8 मिलिमीटर जाड ठेवा. पातळ भिंत चाकावर देखणी दिसते, पण दाबताना ढेपाळते. पायाशी माती जरा जास्तच राखा, जोड तिथेच येणार. शेवटी काठ दाबून घट्ट करा आणि तारेने कडं फळीपासून सोडवा. उचलायची घाई नको.

आता थांबायचं. किती, ते हवेवर अवलंबून. घड्याळाचा इथे उपयोग नाही. ओली चकाकी गेली, बोटाला माती चिकटेनाशी झाली आणि तरी भिंत लवते आहे, हीच वेळ. उशीर झाला तर काठावर बारीक भेगा दिसू लागतात. तेव्हा हट्ट सोडून ते कडं गोलच राहू द्यावं.

दोन्ही तळवे समोरासमोर ठेवून, पायापासून काठापर्यंत सारखा दाब देत हळूहळू आत घ्या. लांबी 24 आणि रुंदी 15 सेंटिमीटरच्या आसपास येईल. सुकताना माती थोडी पुन्हा गोलाकडे सरकते, म्हणून हवं त्याहून किंचित जास्त दाबलेलं बरं.

बुडासाठी त्याच मातीचा, भिंतीइतकाच जाड थर लाटून ठेवा. दोन्हींची ओल सारखी हवी. बहुतेक जोड सुटतात ते इथल्या हयगयीमुळे. दोन्हीकडे काट्याने रेघोट्या ओढा, त्याच मातीचा पाण्यात कालवलेला दाट घोळ लावा आणि कडं किंचित हलवत दाबून बसवा. आतल्या कोपऱ्यात मातीची बारीक वळी भरा, बाहेरचा जादा थर कापा.

काठ आधी सुकतो, म्हणून त्यावर प्लॅस्टिक झाका. भांड्याखाली वर्तमानपत्र ठेवलं की बूड न अडकता आक्रसतं. पूर्ण सुकल्यावरच पहिली भाजणी करा, सुमारे 1000 अंश सेल्सिअसपर्यंत. 100 अंशांपर्यंत आच अगदी मंद ठेवा, नाहीतर उरलेल्या ओलीची वाफ होऊन भिंत फुटते.