अलाइनर आणि दातात फट राहते तेव्हा

नवा अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरळ करणारं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण, पहिल्या दिवशी पूर्ण बसला नाही तरी चालतं. पण तीन-चार दिवसांनंतरही दाताच्या टोकाशी फट दिसत असेल, तर तो दात ठरल्याइतका हललेला नाही. बहुतेकदा कारण साधं असतं: अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात नसतो.

आधी आरशात अटॅचमेंट, म्हणजे दातावर चिकटवलेले दातांच्याच रंगाचे उंचवटे, तपासा. एखादा निघाला असेल तर अलाइनरला तिथे पकडच मिळत नाही; डॉक्टरांना कळवा. सगळे जागेवर असतील तर फटीच्या जागी च्युई, म्हणजे मऊ लवचिक नळी, धरून काही सेकंद दाबून चावा, सोडा, पुन्हा चावा. दिवसातून दोनदा, ५ ते १० मिनिटं. सुळ्यांशेजारचे वरचे छोटे दात यात सर्वांत हट्टी!

फट असताना अलाइनरच्या पुढच्या संचावर जाऊ नका. ती वाढत जाते आणि शेवटी नव्याने स्कॅन करावं लागतं.

मागचा संच जपून ठेवा. चालू अलाइनर तडकला किंवा हरवला, तर डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत तोच घालता येतो. आणि धुताना गरम पाणी नको, प्लास्टिकचा आकार बिघडतो.