डॉ. सुसाना डॉड्स यांची ओली पट्टी आणि आपली ज्वारीची भाकर

सुसाना वे डॉड्स (१८३०–१९११) यांनी १८६४ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. रसेल ट्रॉल यांच्या महाविद्यालयातून वैद्यकीची पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेतच सेंट लुईस शहरात पाणी, मोकळी हवा व शाकाहार यांच्या आधारे रुग्णांवर उपचार केले. या पद्धतीला लागणारे सुती फडके, विहिरीचे पाणी आणि घोंगडी विदर्भातील कोणत्याही खेड्यात घरातच सापडते. मात्र ती वापरण्याची रीत नीट ठाऊक असावी लागते.

जलोपचारातील सर्वांत सोपा प्रकार म्हणजे पोटाची ओली पट्टी. जुन्या सुती लुगड्याचा वीतभर रुंद आणि कमरेभोवती दोन वेढे बसतील एवढा लांब पट्टा फाडून तो गार पाण्यात भिजवावा. खरी चूक होते ती पिळण्यात. दोघांनी दोन टोके धरून उलट दिशांनी पीळ द्यावा. पिळलेले फडके तळहातावर दाबले असता हात ओलसर झाला पाहिजे, पण थेंब निघता कामा नये. जेवणानंतर किमान तीन तासांनी ही पट्टी बरगड्यांखाली पोटाभोवती गुंडाळावी आणि वरून कोरडी घोंगडी अशी लपेटावी की ओले कापड कोठेही उघडे राहणार नाही. गार स्पर्शाने त्वचेतील रक्तवाहिन्या आधी आकसतात, मग तेथे रक्त परत येते आणि ती ऊब लोकर धरून ठेवते. ही ऊब हाच उपचार आहे. पंधरा-वीस मिनिटांत ती आली नाही किंवा हुडहुडी भरली, तर पट्टी काढून अंग कोरडे चोळावे. एरवी पाऊण तास पुरे.

पोट जड झाले असता याने आराम वाटतो. याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. गरोदरपणात किंवा पोटात तीव्र कळा येत असताना पट्टी बांधू नये. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच असल्याने हे आवर्जून सांगतो की त्यांना गार पट्टी कदापि बांधू नये, कारण गारठ्यानेही वेदनांचा झटका येतो. पावसाळ्यातील ताप डेंग्यूचा किंवा गवत-झुडपांतील बारीक किडे चावून होणाऱ्या स्क्रब टायफसचा असू शकतो. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रच गाठावे.

आहारात डॉड्सबाई न चाळलेले पीठ आणि पाणी एवढ्याचीच, यीस्ट किंवा सोडा न घातलेली रोटी सांगत. ज्वारीची भाकर मुळातच तशी असते. पीठ ताजे दळलेले घ्यावे, उकळत्या पाण्यात कालवून परातीत तळहाताच्या टाचेने चिरा जाईपर्यंत मळावे, आणि सोबत अंबाडीची भाजी व तुरीचे वरण ठेवावे.

बाईंना जेवणात मीठही नको असे. हे मात्र आपण पाळू नये. मे महिन्यात वावरात राबणाऱ्या माणसाचे मीठ घामावाटे जाते, आणि त्याची भाकर अळणी ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या शिदोरीत मीठ घातलेले कैरीचे पन्हे द्यावे.