विसराळू झालेल्या आजी-आजोबांची पहिली तपासणी : नव्या मनोविकारतज्ज्ञांसाठी

पहिल्या भेटीला पाऊण तास राखून ठेवा. वेळ देतानाच नातेवाइकांना सांगा, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा. त्यात सर्दीच्या गोळ्या, काढे, डोळ्यांचे थेंब, शेजारणीने दिलेली झोपेची गोळी, सगळं हवं. नुसती यादी चालणार नाही. यादीत नसलेली अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी) पिशवीत हमखास सापडते.

आधी ऐकू येतं का ते बघा. कानातला मळ, घरी राहिलेलं श्रवणयंत्र किंवा मोतीबिंदू यांमुळेही चाचणीत गुण जातात. प्रश्न आजींनाच विचारा. मुलगा मध्येच उत्तर देऊ लागला तर त्याला थांबवा. मग आजींशी आणि घरच्यांशी वेगवेगळं बोला. सुनेसमोर आजी जेवणाबद्दल बोलणार नाहीत आणि आजींसमोर सून रात्रीच्या जागरणाबद्दल.

सर्वांत मोलाचा प्रश्न : हे कधीपासून? काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत सुरू झालं, सकाळी बरं आणि संध्याकाळी भ्रम असं वर-खाली होतंय, तर डेलिरियम (अचानक आलेला, वर-खाली होणारा गोंधळ) समजून चाला. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. लक्ष टिकत नसेल तर मध्येच धागा सुटतो. कारण बहुधा मेंदूबाहेर असतं : लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, घटलेलं सोडियम, नवी गोळी. त्याच दिवशी फिजिशियनला दाखवा. आरडाओरडा करणारा रुग्ण सहसा नजरेतून सुटत नाही. सुटतो तो गुपचूप पडून राहणारा, कारण घरचे म्हणतात, ‘आता शांत आहेत.’

महिन्या-वर्षांत हळूहळू वाढलेला विसर असेल तर स्मृतिचाचणी घ्या. तीस गुणांच्या एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) चाचणीत शाळा न शिकलेल्यांचे गुण आजार नसतानाही कमी पडतात; त्यांच्यासाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशनच्या धर्तीवरचे प्रश्न बरे. महिना विचारल्यावर ‘श्रावण’ म्हणाल्या आणि श्रावणच असेल, तर उत्तर बरोबर. पाचशेची नोट देऊन एकशे ऐंशीची भाजी घेतली, परत किती, हे विचारा. रोजचा व्यवहार कसा चालतो हे इंग्रजी कागदावरच्या चाचणीपेक्षा यातून जास्त कळतं.

नैराश्यही तपासा. ‘उदास वाटतं’ असं फार थोडे म्हणतात. ‘करमत नाही’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं बधिर झालंय’ हे शब्द ऐका. एकांतात थेट विचारा : जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का? विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. होकार आला तर घरातलं कीटकनाशक आणि गोळ्यांचा साठा त्याच दिवशी हलवायला लावा.

हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ या रक्ततपासण्या करून घ्या. गेल्या काही आठवड्यांत पडल्या असतील तर डोक्याचं सीटी स्कॅन टाळू नका. कवटीत साचणारं रक्त उशिरा त्रास देतं.

आता पिशवी. नवं औषध लिहिण्याआधी ट्रायहेक्सिफेनिडिल (कंपावरचं), अमिट्रिप्टिलीन (नैराश्यावरचं जुनं), क्लोरफेनिरामाइन (सर्दीच्या गोळ्यांतलं) यांची गरज तपासा. तिन्ही स्मरण बिघडवतात. अल्प्राझोलाम एकदम तोडू नका, काही आठवड्यांत थोडी थोडी उतरवा, नाहीतर फिट येऊ शकते. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम ५ मिग्रॅपासून, १० च्या वर नाही. रक्तदाबाची थायाझाइड गोळी चालू असेल तर दोन आठवड्यांत सोडियम पुन्हा बघा. स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल ५ मिग्रॅ देण्यापूर्वी नाडी मोजा, मंद असेल तर ईसीजी. एका भेटीत एकच बदल करा, आणि तो कागदावर ठळक अक्षरांत मराठीत लिहून द्या.