संग्रहालयाचे संचालकपद हाती घेताना

विश्वस्त संस्थेच्या संग्रहालयाचे संचालकपद स्वीकारणाऱ्याने पहिले काही महिने नव्या दालनांचे आराखडे बाजूला ठेवून वस्तूंच्या नोंदवहीजवळ बसावे. प्रत्येक वस्तू कोणी, केव्हा आणि कोणत्या अटीवर दिली, तिच्यावर क्रमांक घातलेला आहे का, आणि नोंदीत लिहिलेल्या जागीच ती आज आहे का, हे वस्तूंची देखरेख करणाऱ्या अभिरक्षकासोबत (क्युरेटर) स्वतः पडताळावे. नोंदीत असून न सापडलेल्या आणि सापडूनही नोंद नसलेल्या वस्तूंच्या दोन वेगळ्या याद्या करून त्या विश्वस्त मंडळासमोर लेखी मांडाव्यात. ही तफावत पहिल्याच वर्षी उघड झाली नाही, तर पुढे तिचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो. कोकणात किंवा मुंबईत काम असेल, तर वस्तुभांडाराची पाहणी ऐन जुलैत करावी, कारण बुरशी, कसर आणि गळती तेव्हाच दिसते.

त्यानंतर पैशाकडे वळावे. २०१३च्या कंपनी कायद्यातील कलम १३५मुळे ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि वारशाचे व कलेचे जतन त्या कामांत मोडते. मात्र देणगीदाराला दालन उभारण्यात रस असतो, पहारेकऱ्याच्या पगारात आणि विजेच्या बिलात क्वचितच. म्हणून प्रत्येक मोठ्या देणगीबरोबर देखभालीसाठी कायम निधीचा वाटा मागावा, आणि तो मागताना संकोच करू नये. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा, आणि परदेशी देणगी परदेशी योगदान कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणीशिवाय स्वीकारू नये.

भागीदारीत कोणी काय करायचे हे आधीच कागदावर आले पाहिजे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा कायापालट मला या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. १८७२मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही इमारत महापालिकेची होती. २००३मध्ये महापालिका, वारसा जतनासाठी काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, मालकी महापालिकेकडेच राहिली, आणि जीर्णोद्धारानंतर २००८मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. त्यापूर्वीच, २००५मध्ये, या कामाला युनेस्कोचा वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला होता. आपल्या करारातही मालकी, खर्च, नेमणुका आणि मुदत संपल्यावरची व्यवस्था यांची स्वतंत्र कलमे असावीत.

प्रेक्षक मात्र करारातून येत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५मध्ये फिरते संग्रहालय बसमधून शाळांपर्यंत नेले. लहान संस्थेने बसची वाट पाहू नये; एका पेटीत प्रतिकृती, नाण्यांचे हाताळायला देण्याजोगे ठसे आणि भिंग घालून जवळच्या शाळेत एक प्रशिक्षित मार्गदर्शक पाठवावा, आणि मुलांनी विचारलेले प्रश्न त्याच्याकडून लिहून घ्यावेत. पुढच्या दालनाचा आराखडा करताना तेच कागद समोर ठेवावेत.