डेटाबेस जोडला जात नाही? आधी एरर नीट वाचा

पासवर्ड बदलत बसण्याआधी एरर काय म्हणतेय ते बघा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' झटकन आलं, तर बहुतेक मशीनपर्यंत तुम्ही पोचलाय, पण त्या पोर्टवर (मशीनवरच्या प्रत्येक सर्व्हिसचा क्रमांकाचा दरवाजा) ऐकणारं कुणी नाही. सर्व्हिस बंद असेल, नाहीतर पोर्ट चुकला असेल (मायएसक्यूएल डेटाबेसचा नेहमीचा ३३०६, पोस्टग्रेस डेटाबेसचा ५४३२). बराच वेळ लटकून 'टाइम्ड आउट' आलं, तर माझा पहिला संशय फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर. 'ॲक्सेस डिनाइड' असेल तर नेटवर्क ठीक आहे, युजर-पासवर्ड आणि परवानग्या बघा.

सर्व्हरवरूनच जोडलं जातं, बाहेरून नाही? मग बाइंड-ॲड्रेस (डेटाबेस कोणत्या पत्त्यावर ऐकतो ती सेटिंग) १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता आहे का ते तपासा. आणि एक छुपी गंमत: लिनक्सवर मायएसक्यूएल क्लायंटला 'लोकलहोस्ट' (हेच मशीन) दिलं, की तो पोर्ट सोडून सॉकेट फाइल (त्याच मशीनवर थेट जोडणारी खास फाइल) शोधतो. पोर्टच तपासायचा असेल तर १२७.०.०.१ लिहा.