आधी जाळरेषा, मग रोपं: टेकडीवरचा वणवा गावानं कसा रोखावा

जूनमध्ये खड्डे खणायला आणि रोपं लावायला टेकडीवर गर्दी होते. नोव्हेंबरात त्याच टेकडीवर विळा घेऊन यायला माणसं मिळत नाहीत. मग फेब्रुवारीत कुणीतरी बांध पेटवतो, दुपारचा वारा सुटतो आणि जूनची सगळी मेहनत अर्ध्या तासात काळी होते. पुणे जिल्ह्यातल्या बहुतेक उतारांवर जंगल वाढत नाही ते रोपांच्या कमतरतेमुळे नाही, दरवर्षीच्या आगीमुळे.

जळक्या उतारावर पावसाळ्यानंतर बारकाईनं पाहा. पळस, धावडा, ऐन, साग यांचे गुडघाभर फुटवे दिसतील. ती नवी रोपं नसतात. वरचा भाग दरवर्षी जळतो, खालचं मूळ मात्र जिवंत राहून जाड होत जातं. अशा जागी सलग तीन-चार वर्षं आग टळली, तर हेच फुटवे डोक्याच्या वर जातात. त्यांना टँकरचं पाणी लागत नाही, कुंपण लागत नाही. म्हणून गावाकडे किंवा टेकडीवर काम करणाऱ्या गटाकडे पैसा आणि माणसं मोजकी असतील, तर पहिला खर्च जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून साफ ठेवलेल्या पट्ट्यावर करावा.

जमीन कुणाची, परवानगी कुणाची

आधी गट नंबर काढून सातबारा पाहा. उतार वन विभागाचा आहे, गायरान आहे, महापालिकेचा आहे की खासगी, हे कळल्याशिवाय विळा लावू नका. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि त्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाला सोबत घेऊन एकदा पूर्ण हद्द फिरा. वन विभागाच्या स्वतःच्या जाळरेषा बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या असतात. त्यांचा नकाशा मागून घ्या आणि आपली रेषा त्याला जोडा. जवळजवळ दोन समांतर रेषा काढण्यात श्रम वाया जातात. भीमाशंकरसारख्या अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव विभागाची परवानगी लागते.

गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल (राज्यात ही पद्धत १९९२ पासून आहे), तर काम तिच्या ठरावानं करा. आंबेगाव, जुन्नर, खेडकडच्या ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेलाच वनाच्या संरक्षणाचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. तिथे ग्रामसभेची संरक्षण समिती हे काम हातात घेऊ शकते. ठरावात तीन गोष्टी नक्की लिहा: रेषा कुठून कुठे जाणार, कापलेलं गवत कोण नेणार आणि आग दिसल्यावर पहिला फोन कुणाला करायचा. भांडणं बहुतेक दुसऱ्या मुद्द्यावरून होतात, म्हणून तो आधीच मिटवा.

रेषा कुठून न्यावी

आग चढावर जोरात धावते. वरचं गवत ज्वाळेच्या जवळ येतं, आधीच तापतं आणि लगेच पेट घेतं. साधारण अंदाज असा की उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. म्हणून उताराच्या मध्यावर काढलेली आडवी रेषा सगळ्यात कमकुवत असते. खालून आलेली ज्वाळा ती ओलांडते आणि वरून पेटलेलं लाकूड किंवा शेणी गडगडत खाली गेली, तर पलीकडचं गवतही पेटतं. रेषा माथ्याच्या धारेवरून किंवा धारेच्या थोडं पलीकडून न्यावी आणि खाली शेतांच्या, रस्त्याच्या कडेनं दुसरी काढावी. पायवाट, बैलगाडीची वाट, ओढ्याचं कोरडं पात्र, उघडा कातळ हे सगळं रेषेत धरा. जिथे निसर्गानं आधीच गवत तोडलंय तिथे आपण फक्त तुकडे सांधायचे.

ज्या बाजूनं आग येते ती बाजू आधी घ्या. मुळशी, मावळ, भोर, वेल्ह्यात ती बहुधा भातखाचरांकडून येते, कारण राब भाजताना (भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण जाळताना) किंवा बांध जाळताना ठिणगी उडते. पुणे शहराला लागून असलेल्या वेताळ टेकडी, तळजाई, कात्रजसारख्या टेकड्यांवर रस्ता, कचऱ्याचा ढीग आणि विडी-सिगारेटची थोटकं असलेली पायवाट, या तीन कडा महत्त्वाच्या.

रुंदी गवताच्या उंचीवर ठरते. गुडघाभर गवत आणि सपाट जागा असेल तर ३ ते ४ मीटर पुरतात. कमरेएवढं गवत, चढ किंवा उघडा वारा असेल तर ६ मीटर घ्या. १ किलोमीटर लांब आणि ४ मीटर रुंद पट्टा म्हणजे जवळजवळ एक एकर कापणी. विळ्यानं एक माणूस दिवसाला चार-पाच गुंठे काढतो असं धरलं, तर एका किलोमीटरला आठ-दहा माणसांचा एक दिवस लागतो. गटाकडे वीस माणसं आणि दोन रविवार असतील, तर चार किलोमीटर हा वास्तवातला आकडा आहे. दहा किलोमीटरचा संकल्प करून अर्धवट राहण्यापेक्षा हे बरं, कारण मधे पन्नास फूट तुटलेली जाळरेषा आगीला अडवत नाही.

कधी आणि कशी कापावी

गवत पिवळं पडायला लागलं, पण अजून हातात मोडत नाही, ती वेळ साधायची. शहराच्या आसपास हे नोव्हेंबरात होतं, पश्चिमेकडच्या जास्त पावसाच्या पट्ट्यात थोडं उशिरा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापलं तर जमिनीतल्या ओलीवर पुन्हा फुटतं. जानेवारीत कापलं तर काड्या मोडून पट्ट्यातच पसरतात आणि तोवर पहिली आग लागूनही गेलेली असते.

एक अपवाद कुसळी या टोकदार बियांच्या गवताचा. चाऱ्यासाठी हवी असेल तर कुसळं पक्की होण्याआधीच कापा. नंतर ती जनावरांच्या तोंडात, कातडीत रुततात. कुसळी वाढते तीसुद्धा आगीमुळे. तिचं बी कुसळाच्या पिळानं स्वतःला जमिनीत खुपसून घेतं आणि वरची आग निघून गेली तरी वाचतं. मारवेल, पवन्या अशी गुरांच्या आवडीची गवतं वारंवारच्या जाळण्यानं मागे पडतात. ‘जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं’ हे ऐकताना हे लक्षात ठेवा. राखेवर चार दिवस हिरवे कोंब दिसतात खरे, पण दहा वर्षांनी उतारावर कुसळीच उरते. गुराख्यांशी बोलताना याच मुद्द्यावर बोला. त्यांना ते पटतं, कारण हा फरक त्यांनी स्वतः पाहिलेला असतो.

कापणी जमिनीलगत करा. मागून एकानं दाताळ्यानं गवत ओढायचं, दुसऱ्यानं खराट्यानं पाला झाडायचा. फावड्यानं माती उघडी करायची ती फक्त पट्ट्याच्या मध्यावर, फूट-दीड फूट. तीव्र उतारावर तेवढीही करू नका. उघड्या पट्ट्यातून जूनच्या पहिल्या जोरदार पावसात घळ पडते. पाऊस आता कमी दिवसांत जास्त कोसळतो आणि उघड्या उताराचं पाणी किती वेगानं खाली येतं हे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याकाठच्या पुण्यानं पाहिलंय. त्या पुराची कारणं अनेक होती, पण पाणी कात्रजच्या डोंगरांकडूनच उतरलं होतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कापलेलं गवत पट्ट्याच्या कडेला ढीग करून सोडणं. तो ढीग पेटला की ठिणग्या सहज पलीकडे जातात. गवत त्याच दिवशी खाली न्या आणि चारा म्हणून वाटा. वनजमिनीवरून नेण्याची मुभा अर्जातच मागून ठेवा. पट्ट्यातली झाडं तोडायची नाहीत. खालच्या, जमिनीला टेकणाऱ्या वाळक्या फांद्या मात्र काढा. घाणेरी आणि रानमोडी असेल तर ती मुळासकट उपटा, कारण तिच्यावरून ज्वाळा झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते.

ब्रशकटर वापरत असाल तर डिसेंबरनंतर लोखंडी पातं लावू नका. दगडावर घासून उडालेली ठिणगी वाळक्या गवताला पुरेशी असते. पेट्रोल भरायचं ते उघड्या कातळावर, यंत्र गार झाल्यावर. हात घालण्याआधी दगड आणि झुडूप काठीनं हलवा, फुरसं अशाच जागी बसलेलं असतं. दोन कापलेल्या पट्ट्यांमधलं गवत मुद्दाम जाळून रुंद जाळरेषा करण्याची पद्धत आहे. ते काम वन विभागाचं. गावानं किंवा गटानं स्वतःहून करू नये.

फेब्रुवारीत पुन्हा एक फेरी लागतेच. साग, ऐन, पळस पान गाळतात आणि स्वच्छ पट्टा पाल्यानं भरतो. बहुतेक जाळरेषा इथेच निकामी होतात: नोव्हेंबरात सुरेख काढलेली, मार्चमध्ये पाल्याखाली गेलेली. या फेरीला माणसं कमी लागतात. खराटे पुरतात आणि पाला उडवणारा ब्लोअर असेल तर दोघंजण दिवसभरात बराच पल्ला मारतात.

आग लावणाऱ्या हाताशी बोलणं

भातपट्ट्यात राब बंद करा म्हणून सांगणं सोपं, पण शेतकरी तो तण आणि कीड मारायला भाजतो. त्याला पर्याय द्यावा लागतो. गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) रोपं, भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्पाच्या पाल्याचं खत, किंवा पेरणी थेट वाफ्यावर करणारं सगुणा भात तंत्र, यातलं एखाद्या खाचरावर आधी करून दाखवा. ज्यांना जाळायचंच आहे त्यांच्यासाठी गावाचा नियम करा: सकाळी नऊच्या आत, वारा नसताना, भोवती सहा फूट साफ करून, पाण्याचे दोन हंडे आणि दोन माणसं जवळ ठेवून. आदल्या दिवशी समितीला कळवायचं. महाशिवरात्रीला घोराडेश्वर, भीमाशंकरसारख्या ठिकाणी आणि होळी-धुळवडीच्या रात्री गावाजवळच्या कडेवर पहारा ठेवा.

आग लागलीच तर

वन विभागाचा १९२६ आणि अग्निशमनचा १०१ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे मोबाइल क्रमांक नोंदवला तर उपग्रहानं टिपलेल्या आगीचा संदेश येतो. पण त्यावर विसंबू नका. त्यातला एक उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका ३७५ मीटरचा असतो. दुपारी चारला लागून सातला विझलेली आग त्याला दिसणारच नाही. माथ्यावर बसवलेला माणूस लवकर पाहतो.

विझवायला जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि चामड्याचे बूट घालावेत. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी घ्या. पाच-सहा जणांची रांग, त्यातला एक फक्त वाऱ्यावर आणि परतीच्या वाटेवर नजर ठेवणारा. त्याच्या हातात झोडपणी (आग झोडपायची फांदी किंवा गोणपाट) द्यायची नाही. फवारणीचा १६ लिटरचा पाठीवरचा पंप चालतो, पण तो औषधाचा वास जाईपर्यंत धुतलेला हवा.

आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. जळून काळ्या झालेल्या भागातून शिरा, मागच्या टोकापासून सुरुवात करून बाजूबाजूनं पुढे सरका. ओल्या गोणपाटानं किंवा निर्गुडी, करंजाच्या हिरव्या फांदीनं ज्वाळ दाबायची आणि काळ्या बाजूकडे ओढायची. जोरात आपटलं की ठिणग्या उडून मागे नवी आग लागते. ज्वाळा चार फुटांच्या वर असतील तर हातानं विझवण्याचा प्रयत्न सोडा. मागे जाऊन पुढची जाळरेषा, वाट किंवा ओढा गाठा आणि तिथे थांबा. अरुंद घळीत उतरू नका, ती धुराड्यासारखी आग वर खेचते.

विझल्यावर दोघांनी तरी थांबायचं. बुंधे, वाळकं लाकूड आणि शेणी आतून धुमसत राहतात. काठापासून आत दहा मीटरपर्यंत उलटून, माती टाकून हाताच्या मागच्या बाजूनं ऊब तपासा. अंधार पडल्यावर पुन्हा एक फेरी मारा, दिवसा न दिसलेले निखारे तेव्हा दिसतात.

दुसऱ्या दिवशी जळालेल्या भागाची कड मोबाइलवर नोंदवत फिरा आणि तारीख, वेळ, आग कुठून शिरली हे वहीत लिहा. तिथे लगेच रोपं लावू नका. पहिला पावसाळा जाऊ द्या, किती फुटवे येतात ते मोजा आणि जिथे काहीच फुटलं नाही तिथेच लागवडीचा विचार करा. पूर्वेकडे सुपे, बारामती, इंदापूरच्या माळावर तर मुळीच नको. ती नैसर्गिक गवताळ जमीन आहे. चिंकारा आणि लांडगा तिथे गवतावरच टिकून आहेत. तिथे जाळरेषा हवी, पण ती गवत वाचवण्यासाठी.

तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की आग कुठल्या दोन-तीन जागांवरून शिरते ते वहीतूनच दिसायला लागतं. चौथ्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्या जागी रेषा दुप्पट रुंद करा. बाकीची नेहमीएवढी ठेवली तरी चालते.